बोलणं मागून येतंय

माझ्या मावशीला फ्रेम, टाइमकोड, सिंक यांतला एकही शब्द ठाऊक नाही. मान दुखते म्हणून ती थिएटरात नेहमी शेवटच्या रांगेत बसते, एवढंच. पण एकदा तिच्या त्या शेवटच्या रांगेमुळे एका सिनेमाची अब्रू वाचली. माझी थोडी गेली.

मी संवादांची संकलक आहे. धंद्यात म्हणतात डायलॉग एडिटर. पडद्यावरची माणसं जे बोलतात ते सेटवर रेकॉर्ड झालेलं असो वा स्टुडिओत डब केलेलं, ते त्यांच्या ओठांवर नीट बसवायचं, मधली पंख्याची घरघर आणि रिक्षाचा हॉर्न काढायचा आणि पुढे मिक्सिंगला पाठवायचं, हे माझं काम. १९९८पासून अंधेरीत हेच करतेय. काम चांगलं झालं तर ते झालंय हेच कुणाच्या लक्षात येत नाही. बिघडलं तर शाळकरी पोरालाही कळतं.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. मध्यम बजेटचा मराठी सिनेमा, प्रदर्शनाची तारीख जाहीर झालेली, आणि आवाजाचं काम नेहमीसारखं सगळ्यात शेवटी, सगळ्यात कमी दिवसांत. ज्या स्टुडिओत मी बसत होते त्यांनी नुकताच एडिट रूममध्ये ६५ इंची टीव्ही लावला होता. समोर सोफा, कोपऱ्यात कॉफीचं मशीन. निर्मात्याला बरं वाटावं म्हणून. चित्र झकास दिसायचं. पहिल्या सकाळी डब झालेले संवाद लावून पाहिले तर सगळे जरा आधी येत होते. नायिकेचे ओठ उघडायच्या आत तिचा आवाज. एखाददुसरं वाक्य नव्हे, झाडून सगळी. मला वाटलं, डबिंगच्या सेशनमध्ये कुठेतरी ट्रॅक सरकलाय. होतं असं. मी अख्खा ट्रॅक उचलला आणि तीन फ्रेम उशिराने ठेवला. ओठ जुळले. सोफ्यावरून दिग्दर्शक म्हणाला, "हां, आता बसलं." पुढचे आठ दिवस त्याच टीव्हीकडे बघत मी एकेक वाक्य घासूनपुसून बसवलं.

बाकीचे ट्रॅक, म्हणजे पावलं, भांडी, दारं, बांगड्या, दुसरीकडे तयार होत होते. ते आले खेळाच्या आदल्या रात्री अकराला. टाइमकोड बघून जागेवर टाकले, आवाज कमी-जास्त केला, कच्चं मिक्स करून फाइल पाठवून दिली. एकदा सलग बघायला हवं होतं. बघितलं नाही.

सकाळी एका जुन्या मोठ्या थिएटरात घरच्या मंडळींसाठी खेळ होता. निर्माता-दिग्दर्शक पुढे मधोमध, मी त्यांच्या मागे, मावशी पार शेवटी. मध्यंतरात समोसा खाताखाता ती म्हणाली, "सिनेमा छान आहे गं. पण ह्यांचं बोलणं मागून येतंय."

"मागून म्हणजे? मागच्या स्पीकरमधून?"

"नाही गं बाई. तोंड आधी हलतं, बोलणं मग येतं. तुझा भाऊ तिकडून व्हिडिओ कॉल करतो ना, तसं."

निर्माता हसला. मला हसू आलं नाही. मध्यंतरानंतर मी तिच्या शेजारी जाऊन बसले. पडद्यावर सासू स्टीलच्या डब्याला झाकण लावत होती. झाकणाचा खटका अगदी झाकणावर होता. तिचं बोलणं मात्र तिच्या तोंडामागून चालत येत होतं. प्रोजेक्टरची काही गडबड असती तर डबाही चुकला असता. डबा बरोबर होता. चूक माझ्या ट्रॅकमध्ये होती.

आता हिशेब सांगते. सिनेमाची चित्रं सेकंदाला २४ पळतात. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद, तीन फ्रेम म्हणजे १२५ मिलिसेकंद, सेकंदाचा आठवा भाग. एवढा उशीर मी माझ्या हाताने केला होता. त्यात थिएटरचा स्वतःचा उशीर. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात १४ मीटर. मावशी पडद्यापासून २५ मीटरवर होती असं धरा. आणखी ७० मिलिसेकंद. म्हणजे तिच्या कानापर्यंत बोलणं पोचायला जवळजवळ २०० मिलिसेकंदांचा उशीर, आणि पुढे बसलेल्या निर्मात्याला दीडशेच्या आतच. दोघं एकच सिनेमा बघत होते आणि दोघांचं म्हणणं आपापल्या खुर्चीपुरतं खरं होतं.

या बाबतीत माणसाचा कान-डोळा किती खपवून घेतो याचे आकडे आहेत. आयटीयू ही दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय संघटना. तिची १९९८ची शिफारस म्हणते की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला की लोकांना जाणवायला लागतं, पण मागे पडला तर १२५पर्यंत जाणवत नाही. चालवून घेण्याची हद्द आधी असेल तर ९० आणि नंतर असेल तर १८५. निर्माता जाणवण्याच्या उंबरठ्यावर घुटमळत होता. मावशी चालवून घेण्याची हद्द ओलांडून पलीकडे गेली होती.

आधी आलेला आवाज इतका खुपतो आणि उशिराचा एवढा खपतो, याला कारण आहे. जगात आवाज मागूनच येतो. वीज चमकते, मग गडगडतं. सांगलीला कृष्णेच्या घाटावर बसून आम्ही लहानपणी पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका बघायचो. बाईने कपडा दगडावर आपटला, हात पुन्हा वर गेला, की मग इकडे 'धप्प'. त्यात कुणाला काही विचित्र वाटायचं नाही. पण कपडा दगडाला लागायच्या आधीच 'धप्प' ऐकू आलं असतं तर आम्ही घाबरून घरी पळालो असतो. त्या टीव्हीवर मला नेमकं हेच दिसत होतं: आवाज आधी. म्हणून तर मी इतक्या तातडीने तो मागे ढकलला.

दोष टीव्हीचा होता. दोष तरी कसा म्हणायचा? तो घरी बघायला केलेला टीव्ही, त्याच्या परीने शहाणपणाच करत होता. हल्लीचा टीव्ही आलेलं चित्र तसंच्या तसं दाखवत नाही. आधी ते पोटात घेतो, कचरा साफ करतो, रंग खुलवतो, आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मधलं एक स्वतःच तयार करतो. मधलं चित्र बनवायचं तर पुढचं हातात यायला हवं, म्हणून थांबतो. या सगळ्यात शंभर-सव्वाशे मिलिसेकंद सहज जातात. घरी हे कळत नाही, कारण आवाजही टीव्हीतूनच जातो आणि टीव्ही त्यालाही तेवढाच थांबवून ठेवतो. स्टुडिओत तसं नसतं. चित्र कॉम्प्युटरमधून टीव्हीकडे जातं आणि आवाज वेगळ्या वाटेने सरळ स्पीकरकडे. आवाज पोचतो, टीव्ही अजून रंग खुलवत बसलेला. मी आठ दिवस एका मागे पडलेल्या घड्याळाकडे बघून गावभरची घड्याळं मागे करत होते.

ट्रॅक परत तीन फ्रेम अलीकडे आणायला माऊसची एक टिचकी पुरली. पण एकेक वाक्य तपासायला तीन रात्री गेल्या, कारण मधल्या काही ठिकाणी मी डोळ्याला पटेना म्हणून अर्धी-पाऊण फ्रेम आणखी इकडेतिकडे केलं होतं.

त्यानंतर आमच्याकडे टीव्ही मोजल्याशिवाय काम सुरू होत नाही. मोजायची युक्ती माझ्या असिस्टंटची. पोरगा लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात वाढलेला. त्याने दिवाळीच्या माळेतला एक एलईडी दिवा काढला आणि अॅम्प्लिफायरच्या तारांना जोडला. मग एक छोटी टेस्ट फाइल लावली: पडदा काळा, मधेच एका फ्रेमपुरता पांढराशुभ्र, आणि त्याच क्षणी टूँक. टूँक वाजली की दिवा पेटणार. फोन स्टँडवर ठेवून त्याने टीव्ही आणि दिवा दोन्ही चौकटीत घेतले आणि स्लो मोशनमध्ये चित्रण केलं, सेकंदाला २४० चित्रं. मग एकेक चित्र पुढे सरकवत मोजायचं. दिवा पेटला. एक, दोन, तीन... टीव्ही अजून काळा. दहा. वीस. सत्ताविसाव्या चित्रात टीव्ही पांढरा झाला. फोनचं एक चित्र सुमारे ४.१७ मिलिसेकंदांचं. सत्तावीस गुणिले ते, साधारण ११२.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला फार वाईट वाटतं. काळ्या पडद्याशेजारी तो इवलासा दिवा जळत असतो आणि आपण बटण दाबत राहतो.

आकडा हातात आला की उपाय सोपा. प्रो टूल्स या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र ठरावीक अंतराने आधी सोडायची सोय आहे आणि ती पाव फ्रेमच्या हिशेबात भरायची असते. ११२ मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ अकरा पाव. कॉम्प्युटर चित्र तेवढं आधी सोडतो, टीव्ही आपला वेळ खातो आणि चित्र-आवाज बरोबर एका वेळी दारात येतात. टीव्हीचा 'गेम मोड' लावला तर त्याचा बराचसा शहाणपणा बंद पडतो आणि उशीर घटतो. तो लावायचाच. पण लावून न मोजता बसायचं नाही.

पाव फ्रेम ऐकलं की मला आमचे काका आठवतात. ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते. १९९८ला कॉम्प्युटर आले होते, पण काका स्टीनबेकवर बसायचे. स्टीनबेक म्हणजे टेबलाएवढं मशीन, आडव्या थाळ्या, एका थाळीवर चित्राची फिल्म, दुसरीवर आवाजाची, तीही ३५ मिलिमीटरचीच, चुंबकी लेप दिलेली. दोन्हींच्या कडेला सारखीच भोकं, एका फ्रेमला चार. दोन्ही एकमेकांशी जोडलेल्या दातेरी चाकांवर चालायच्या, त्यामुळे एकदा जुळवल्या की हलायची बात नाही. जुळवताना काका चित्र पुढे-मागे करत ओठ मिटतात ती फ्रेम शोधायचे, तिच्यावर पिवळ्या ग्लास पेन्सिलने फुली मारायचे. मग आवाजाची पट्टी हाताने हेडवरून घासत न्यायचे. 'म' असा घोगरा, लांबट ऐकू आला की तिथे फुली. फुलीला फुली. मग ऐकून म्हणायचे, "पोरी, एक पर्फ मागे घे." एक भोक. पाव फ्रेम, दहा मिलिसेकंद. मला वाटायचं म्हातारा उगीच त्रास देतोय. पाच-सहा महिन्यांनी मलाही ते एक भोक दिसायला लागलं.

फुली कुठे मारायची हे सोपं व्हावं म्हणून क्लॅप. मुहूर्ताच्या दिवशी पाहुण्याच्या हातात देऊन फोटो काढतात तीच पाटी. लोकांना वाटतं तो शुभशकुनाचा भाग आहे. वरचं दांडकं खालच्यावर आदळतं तो 'टक्' चित्रात एका नेमक्या फ्रेमवर दिसतो आणि आवाजात एका नेमक्या टोकावर ऐकू येतो. दोन्ही टोकं जुळली की पुढचा अख्खा शॉट जुळला. कॅमेरा आणि रेकॉर्डर वेगळे असतात म्हणून ही उठाठेव. हल्ली दोन्हीमध्ये टाइमकोड भरतात, तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा धावता आकडा, आणि कॉम्प्युटर क्षणात शेकडो शॉट जुळवतो. तरी क्लॅप कुणी सोडत नाही. टाइमकोडची बॅटरी संपते, दांडक्याची संपत नाही.

आपल्याकडे या साऱ्याची सुरुवात १९३१च्या 'आलम आरा'पासून. अर्देशीर इराणींनी तो सेटवरच आवाज घेत केला. स्टुडिओशेजारून रेल्वे जायची म्हणून गाड्या थांबल्या की रात्री चित्रीकरण. पुढे मात्र सेटवरचा आवाज घ्यायची सवय मोडत गेली. बाहेरच्या चित्रीकरणाला सोयीचा, हलका अॅरिफ्लेक्स २सी कॅमेरा सगळ्यांच्या हाती आला आणि तो शिवणयंत्रासारखा खडखडायचा. सेटवरचा आवाज फक्त खुणेपुरता, त्याला आम्ही पायलट ट्रॅक म्हणतो, आणि खरं बोलणं नंतर डबिंगमध्ये. २००१ला 'लगान'ने एवढा पसारा मांडून पुन्हा सेटवरचाच आवाज वापरला, नकुल कामटे यांनी तो घेतला, तेव्हा आमच्या धंद्यात मोठी चर्चा झाली होती. आज सिंक साउंडवर, म्हणजे सेटवरच्याच आवाजावर, होणारे मराठी सिनेमेही कमी नाहीत. तरी डबिंग काही संपलेलं नाही. तेलुगू सिनेमा हिंदीत आणि हिंदी मालिका मराठीत येतायत तोवर संपणारही नाही.

डबिंगमध्ये नट काचेपलीकडे उभा राहतो. समोर त्याचंच चित्र, कानात तीन बीप, आणि चौथी जिथे वाजायला हवी तिथे वाजत नाही, तिथे बोलायचं. चांगला कलाकार तिथे श्वाससुद्धा चित्रातल्यासारखा घेतो. नवखा बीपच मोजत बसतो.

आणि इथे मला शाळेतल्या व्याकरणाच्या बाईंची आठवण येते. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. तेव्हा घोकलं, विसरले. आज ओष्ठ्य वर्णांवर माझं पोट आहे. प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात. ते लपवता येत नाहीत. "बाबा, मी पुण्याला परत जाणार नाही." या वाक्यात ओठ पाच वेळा मिटतात. पाच खिळे. ते बसले की मधलं काहीही आपोआप बसतं. उलट "काय झालं, इतका का चिडलास?" यात एकही खिळा नाही. असं वाक्य जबड्याच्या हालचालीवर आणि डोळ्यांवर बसवावं लागतं, वेळ दुप्पट लागतो. मालिका मराठीत आणताना लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवलं तर आमचा जीव वाचतो. मूळ वाक्यात जिथे ओठ मिटतात तिथे मराठीतही प-ब-म येईल असा शब्द शोधायचा. चांगले अनुवादक शोधतात. बाकीचे अर्थ लावून मोकळे होतात आणि मग नायक 'बंद' ओठांनी 'आई' म्हणतो.

डोळा कानाला किती फसवतो याचा एक नामांकित प्रयोग आहे. १९७६मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी 'नेचर'मध्ये छापला. माणसाला ऐकवायचं 'बा', आणि पडद्यावर ओठ दाखवायचे 'गा' म्हणणारे. बहुतेकांना ऐकू येतं 'दा'. ना ऐकलेलं, ना पाहिलेलं, तिसरंच. डोळे मिटले की पुन्हा 'बा'. मला हे वाचून बरं वाटलं होतं. 'तो शब्द चुकीचा डब झालाय' अशी तक्रार येते आणि ट्रॅक ऐकला तर शब्द स्वच्छ असतो, तेव्हा मी आता वाद घालत नाही. ओठ तपासते.

इथवर सांगितलं ते बिघडण्याच्या एका तऱ्हेबद्दल: सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक. त्याला ऑफसेट म्हणतात आणि तो ताप आल्यासारखा असतो, उतरवता येतो. दुसरी तऱ्हा ड्रिफ्ट. सुरुवातीला सगळं जुळलेलं आणि हळूहळू सुटत जाणारं. हे दुखणं खरं चिवट.

न्यू जर्सीतल्या एका मराठी जोडप्याने तिथल्या मराठी शाळेवर पन्नासेक मिनिटांचा माहितीपट केला आणि आवाजासाठी माझ्याकडे पाठवला. पहिली दोन मिनिटं सुरेख. दहाव्या मिनिटाला मुलं प्रार्थना म्हणताना तोंड आणि आवाज यांत अर्ध्या सेकंदाची फट. शेवटी मुख्याध्यापिका आभार मानून हात जोडतात, त्यानंतर पुरे तीन सेकंद त्यांचे आभार चालूच. मी फोनवर विचारलं, "कॅमेरा कितीवर लावला होता?" ते म्हणाले, "चोवीसवर." चोवीस म्हणजे तिकडे बरेचदा चोवीस नसतात, २३.९७६ असतात. १९५३मध्ये अमेरिकेने रंगीत टीव्हीसाठी रंगाचा संदेश जुन्या कृष्णधवल लहरीत बसवताना सेकंदाला ३० चित्रांचा वेग हजारात एक भागाने कमी केला, २९.९७ केला. सिनेमाचे २४ त्या टीव्हीवर दाखवायचे म्हणून तेही तितकेच उतरले. हजारात एक. मिनिटाला ६० मिलिसेकंद, तासाला ३.६ सेकंद. सत्तर वर्षांपूर्वी कुणा इंजिनियरने केलेली ती काटछाट माझ्या टेबलावर मुख्याध्यापिकेच्या आभारात निघाली.

भारतात टीव्ही वेगळ्या वाटेने गेला. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चित्रं २५. सेकंदाला २४चा सिनेमा २५ने चालवला की चार टक्के पळतो, अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं आधी संपतो आणि नटाचा आवाज जरासा बारीक होतो. व्हीसीआरच्या काळात परदेशी सिनेमे आपण असेच पाहिले. तक्रार कुणी केली नाही, कारण चित्र-आवाज दोघंही बरोबरीने पळत होते. घोळ होतो तो एकाने पळायचं आणि दुसऱ्याने चालायचं ठरवलं की.

ड्रिफ्ट पकडायला आम्ही टूँक वापरतो. चित्र सुरू व्हायच्या बरोबर दोन सेकंद आधी एक फ्रेमभर लांबीची टूँक आणि चित्र संपल्यावर दोन सेकंदांनी आणखी एक. पहिली जुळली आणि शेवटचीही जुळली तर रात्री झोप लागते. पहिली जुळली, शेवटची चुकली, तर कुणाचं तरी घड्याळ वेगळं चालतंय. ४८ हजार नमुन्यांच्या आवाजात २४ फ्रेमच्या सिनेमाला प्रत्येक फ्रेममागे नेमके २००० नमुने येतात. २३.९७६ असेल तर २००२. त्या दोन नमुन्यांचा हा सगळा खेळ.

कधी सगळे आकडे बरोबर असूनही सुटतं. दोन यंत्रांतली स्फटिकं आपापल्या ठोक्याने चालतात. दहा लाखांत वीसचा फरक म्हणजे मनगटावरचं घड्याळ दिवसाला पावणेदोन सेकंद चुकण्यासारखं, घड्याळात कुणी मनावरही घेत नाही. पण तासभर सलग चाललेल्या कीर्तनाच्या चित्रीकरणात ते ७२ मिलिसेकंद होतात आणि टाळ हातांपासून सुटायला लागतात. म्हणून मोठ्या स्टुडिओत एकच मास्टर क्लॉक असतं आणि सगळी यंत्रं त्याचाच ठोका ऐकतात. दिंडीत टाळकरी कितीही असोत, पाय पखवाजावरच पडतात, तसंच.

तुमच्या घरच्या टीव्हीचंही एकदा बघा. रात्रीच्या बातम्या लावा आणि निवेदिकेच्या प, ब, म यांच्यावर लक्ष ठेवा. ओठ मिटायच्या आत आवाज येत असेल तर बहुधा आवाज टीव्हीतून न जाता वेगळ्या साउंडबारमधून किंवा होम थिएटरमधून जातोय. त्याच्या सेटिंगमध्ये ऑडिओ डिले किंवा लिप सिंक नावाचं कलम असतं, ते वाढवत न्या. ब्लूटूथचा स्पीकर असेल तर उलट होतं, आवाजच मागे पडतो, दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज, आणि तो पुढे आणायची सोय फारच थोड्या टीव्हींत असते. अशा वेळी वायर लावा. बिनतारी असल्याचा अभिमान मला कधी कळला नाही.

आमच्या एडिट रूममधल्या टीव्हीखाली आता मास्किंग टेपची पट्टी आहे. तिच्यावर तारीख आणि '११२' लिहिलं होतं. गेल्या महिन्यात टीव्हीने रात्री आपणहून सॉफ्टवेअर बदलून घेतलं. सकाळी असिस्टंटने दिवा जोडला, फोन लावला, मोजलं. तेवीस चित्रं. पट्टीवरचा आकडा खोडून त्याने '९६' लिहिलं.